दुखता तो बोलती ना!

माझी अम्मी मधुमेहाची जुनी रुग्ण. एके संध्याकाळी वजू करताना तिनं पाय धुतले आणि मोरीतलं पाणी लालसर वाहू लागलं. पाहिलं तर चपलेच्या तळातून एक चूक वर आलेली. बारीक खिळ्याला मराठीत चूक म्हणतात, ते किती नेमकं! दिवसभर ती टाचेत रुतत होती आणि अम्मीला पत्ताच नव्हता. मी रागावलो, तर म्हणाली, ‘दुखता तो बोलती ना बेटा!’

मी गप्प झालो. कवी माणूस, वेदनेवर आयुष्यभर ओळी लिहिल्या. पण वेदना न होणं हे केवढं संकट आहे, ते त्या दिवशी कळलं. मग बी.ए. झालेल्या माणसाला पेलेल एवढं शास्त्र समजून घेतलं.

अंधारात पायाचं बोट उंबऱ्यावर ठेचकाळतं, तेव्हा काय होतं, आठवून पाहा. आधी लख्खकन कळ येते. क्षणभरानं ठणका सुरू होतो आणि रेंगाळतो. हे दोन निरोप आहेत आणि ते आणणारे तंतूही वेगळे. कळ आणणाऱ्या ए-डेल्टा तंतूंवर पातळ वेष्टण असतं; त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. ठणका आणणारे सी तंतू बिनवेष्टणाचे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा! हलक्या स्पर्शाची खबर देणारे ए-बीटा तंतू मात्र जाड आणि या दोघांहून वेगवान.

मधुमेहात पुष्कळदा बारीक तंतू आधी झिजतात. नसांची नेहमीची विद्युत तपासणी मुख्यतः जाड तंतूंची हालहवाल सांगते. मग बारीक तंतूंना विचारायचं कसं? त्वचेवर साधी पट्टी लावून वीज सोडली, तर जाड तंतू थोडक्या प्रवाहानंच जागे होतात. आधी झिणझिण्या येतात. प्रवाह वाढवला तर दुखतंही, पण उत्तर कोणी दिलं ते कळत नाही. सगळा वर्ग एकदम ओरडला, तर गुरुजींना एकट्याचा आवाज कसा ओळखू येणार?

वाट सापडली ती त्वचेच्या रचनेत. वेदनेच्या तंतूंची टोकं वर, अगदी बाह्यत्वचेपर्यंत आलेली असतात. स्पर्शाच्या जाड तंतूंची बहुतेक टोकं त्याखाली. २००२ साली जपानमधल्या संशोधकांनी याचा उपयोग करून घेतला. अतिशय आखूड सुईचं टोक त्यांनी फक्त बाह्यत्वचेत टेकवलं आणि अगदी थोडा प्रवाह सोडला. प्रवाह वरच्या थरातच राहिला आणि मुख्यतः ए-डेल्टा तंतू जागे झाले. नुसतं टोचल्यासारखं वाटलं. प्रवाह वाढवला, तर तो खाली पसरतो आणि जाड तंतूही बोलू लागतात. म्हणून सारी खुबी ‘थोडा’ या शब्दात. टोचणं जाणवायला नेहमीपेक्षा जास्त वीज लागली, की त्या तंतूंचं काही बिनसलं आहे, अशी शंका घेता येते. ही पद्धत आजही मुख्यतः संशोधनात वापरतात.

विजेनं वेदना जागवता येते, तर गमावलेली वेदना परतही देता येईल का? वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढं अमेरिकेत हा प्रयत्न केला. बधिर हातापायांवर दाब मोजणारी साधनं बसवली. दाब वाढला, की काखेत, जिथं संवेदना शाबूत होती तिथं, विजेचा झटका बसे. पण अवघड काम करायचं असलं, की रुग्ण यंत्र बंद करून टाकत! खऱ्या वेदनेला असं बटण नसतं. म्हणूनच ती आपल्याला वाचवते.

अम्मीची तपासणी झाली ती साध्या नायलॉनच्या धाग्यानं. तिनं डोळे मिटले. डॉक्टरांनी टाचेला धागा टेकवला, ती गप्प. पावलाच्या वरच्या बाजूला टेकवताच म्हणाली, ‘हां!’ त्या एका ‘हां’नं जीव भांड्यात पडला.

आता रोज तिचे तळवे मी पाहतो आणि तिनं चपला घालण्याआधी त्यांत हात फिरवतो. घरात मधुमेही असेल, तर तुम्हीही हे करा. जिथं दुखायला हवं तिथं दुखत नसेल, तर डोळ्यांनी आणि हातांनी पहारा द्यावा लागतो.