पाण्यानें राखलेला पाला : कालिमंतानांतील पीट जमिनी

उकिरड्यांत घातलेला पालापाचोळा एक-दोन पावसाळ्यांत कुजून त्याचें खत होतें, हा प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव आहे. पण हाच पाला बारमाही पाणथळ जागीं पडला तर हजारों वर्षें लोटलीं तरी पुरता कुजत नाहीं. पाला, मुळें व लांकूड यांच्या अशा अर्धवट कुजलेल्या थरास पीट असें नांव आहे. पृथ्वीवरील शेंकडा ३ च्या सुमारास जमीन पीटची असून, सर्व जमिनींत मिळून जितका कर्ब आहे त्याचा अदमासें तिसरा हिस्सा तींत सांठलेला आहे. थंड देशांत पीट बहुधा शेवाळाचें असतें. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील कालिमंतान भागांत तें मुख्यतः झाडांचें आहे, व कांहीं ठिकाणीं त्याची जाडी १० मीटरांवर जाते.

पाला न कुजण्याचें कारण असें. कुजविण्याचें काम बुरशी व सूक्ष्म जंतु करतात, आणि त्यांना प्राणवायु लागतो. सांचलेल्या पाण्यांत तो फारसा उतरत नाहीं. तशांत तेथील पाणी आम्ल, सामू ३ ते ४. झाडांचीं पानेंही जाड, चिवट व तुरट द्रव्यांनीं भरलेलीं. पानांतील विद्राव्य अंश लवकर निघून जातो व पाणी काळ्या चहासारखें दिसूं लागतें. मागें राहतो तो चिवट सांगाडा. मुळें व लांकूड यांतील लिग्निन तर त्याहूनही दाद देत नाहीं. भर पडण्याचा वेग कुजण्याच्या वेगाहून किंचित् अधिक, एवढ्यावरच हा सारा संचय झाला आहे. थर वाढतो तो वर्षास फार तर एक-दोन मिलिमीटर.

थराचा काळा रंग पाहून जमीन कसदार आहे असें वाटावें. पण वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, हा रंग फसवा आहे. सन १९९५ च्या अखेरीस इंडोनेशिया सरकारनें मध्य कालिमंतानांत सुमारें १० लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ २५ लाख एकर, प्रदेशांत भातशेतीची योजना काढिली. ४,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खणले. जावा वगैरे बेटांवरून हजारों कुटुंबें आणून वसविलीं. कालव्यांनीं पीटमधील पाणी ओढून नेलें. पाणी उतरतांच थरांत हवा शिरली, जुना पाला कुजूं लागला, त्यांतील कर्ब कर्बाम्ल वायूच्या रूपानें उडून जाऊं लागला आणि जमीन खालीं बसूं लागली. पीटमध्यें पिकास लागणारीं खनिज द्रव्यें अत्यल्प. शिवाय कित्येक ठिकाणीं खालच्या चिकणमातींत लोह व गंधक यांचें संयुग असतें, त्यास हवा लागली कीं गंधकाम्ल तयार होतें. भाताची आशा फोल ठरली. सन १९९७ च्या अवर्षणांत वाळलेला थर पेटला व महिनोंमहिने धुमसत राहिला. त्या वर्षीं इंडोनेशियांतील पीट व त्यावरील वनस्पति जळून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कर्ब हवेंत गेला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सन १९९९ सालीं योजना रद्द झाली. आणून वसविलेल्यांपैकीं पुष्कळांनीं गांव सोडलें.

आतां कालव्यांस बांध घालून पाणी पुन्हां वर आणण्याचे प्रयत्न चालले आहेत. लागवडीच्या पीटमध्यें पाण्याची पातळी ४० सेंटिमीटरांहून खोल जाऊं देऊं नये, असा तेथील नियम आहे. आमच्या मतें तो अपुरा आहे, कारण वरचा ४० सेंटिमीटरांचा थर तरीही कुजतच राहणार. निचरा न करितां ओल्या पीटवर सागो ताड लावितां येतो. साबुदाणा मूळचा याच ताडाच्या खोडांतील पिठाचा. आपल्याकडील हल्लींचा मात्र टॅपिओकाच्या कंदाचा असतो.