वायपर बदलताय? आधी जुनं ब्लेड मोजा

आंबोली घाटात धुकं आणि पाऊस एकदमच येतो. तेव्हा वायपर काचेवर रेघा सोडत असेल, तर समोरची एसटी अगदी जवळ आल्यावरच दिसते. उन्हाळाभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं वायपरचं रबर कडक होतं, चिरतं.

आधी काच साबणाच्या पाण्याने धुऊन बघा. कधी कधी दोष तेलकट काचेचाच असतो. तरी रेघा उठल्या तर ब्लेड बदला. दोन्ही बाजूंची ब्लेडं इंचात मोजा, बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरकडचं लांब असतं. जास्त लांब घेतलं तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हूकही जुळायला हवा, म्हणून जुनं ब्लेड दुकानात सोबतच न्या. महागडंच हवं असं काही नाही. रबर मऊ आणि धार सरळ असली की झालं.

बसवताना काचेवर जाड फडकं ठेवा. स्प्रिंगचा दांडा सुटून आपटला तर काचच तडकते.