माइनक्राफ्टमध्ये वाळू अंगावर कोसळते? एक टॉर्च पुरेसा आहे!

लहानपणी नाशिकमध्ये बांधकामाच्या वाळूत आम्ही बोगदे खणायचो. ओली वाळू टिकायची, सुकली की बोगदा बसायचा. माइनक्राफ्टमध्ये मात्र वाळू ओली असो वा सुकी, खालचा ब्लॉक काढला की ती सरळ खाली येते. खडीचंही तसंच. दगड, माती, लाकूड मात्र हवेतही टिकतात.

एकदा मोबाईलवर खेळताना मी गुहेत डोक्यावरचा ब्लॉक फोडला आणि वरची खडी थेट अंगावर! डोकं ब्लॉकमध्ये अडकलं की श्वास कोंडतो आणि दर सेकंदाला एक हार्ट जातं. मी मेलो. सगळे हिरे तिथेच पडले. 5 मिनिटांत पोहोचता आलं नाही, म्हणून ते गायब झाले.

तेव्हापासून माझे दोन नियम. डोक्यावर सरळ खणायचं नाही. आणि वाळू-खडीचा उभा थर दिसला की बाजूला उभं राहून सगळ्यात खालचा ब्लॉक फोडायचा, लगेच तिथे टॉर्च लावायचा. वरचा प्रत्येक ब्लॉक टॉर्चवर पडून फुटतो आणि उचलता येतो.

पाण्याने घट्ट होणारी वाळू हवीच असेल, तर 4 वाळू, 4 खडी आणि 1 रंग घेऊन काँक्रीट पावडर बनवा. तीही कोसळते, पण पाणी लागलं की पक्कं काँक्रीट होतं.