शीर काढावी की राखावी?

तासन् तास उभे राहून काम करणाऱ्या काही माणसांच्या पोटऱ्यांवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात. असे का होते? हृदयापासून घोट्यापर्यंतचे अंतर १.२ मीटर धरा. रक्ताची घनता घनमीटरला १०५० किलोग्रॅम घेऊन उंची, घनता व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार करा. दाब येतो सुमारे १२,३५० पास्कल, म्हणजेच पाऱ्याच्या ९३ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका! चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि शिरांतील झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की हा भार हलका होत नाही आणि शिरेची पातळ भिंत फुगत जाते.

अशा शिरा काढण्याची एक सोपी रीत स्वित्झर्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट म्यूलर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. जागेपुरती भूल द्यायची, १ ते ३ मिलिमीटरचे छेद घ्यायचे आणि बारीक आकडीने शीर तुकड्या-तुकड्यांनी ओढून काढायची. बहुधा टाकेही लागत नाहीत. रोगी त्याच दिवशी चालत घरी जातो.

आता हीच रीत हाताच्या पाठीवरच्या, कपाळावरच्या आणि डोळ्यांजवळच्या शिरांसाठीही वापरतात. पण येथे एक फरक आहे. हात खाली सोडा. शिरा उठून दिसतील. तोच हात हळूहळू डोक्यावर न्या. त्या सपाट होतील. या शिरा रोगट नसतात. वय वाढले, त्वचेखालची चरबी कमी झाली, की त्या अधिक उठून दिसतात एवढेच. त्या काढल्या तरी रक्त दुसऱ्या शिरांतून वाट काढते.

मग काढायला हरकत कोणती? सलाईन लावायला बहुधा हाताचीच शीर लागते. मूत्रपिंडे निकामी झाल्यास रक्तशुद्धीसाठी हाताची शीर रोहिणीला जोडतात; ही पद्धत १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पायाची निरोगी शीर तर हृदयाच्याही उपयोगी पडते. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. रेने फाव्हालोरो यांनी तिच्या साह्याने हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला पर्यायी वाट करून दिली. अशी शीर उलटी करून जोडतात. नाहीतर तिच्या झडपाच रक्त अडवतील!

म्हणून रोगट शीर काढणे हा उपचार झाला. निरोगी शीर केवळ दिसण्यासाठी काढण्यापूर्वी मात्र ती पुढे लागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.