रसायनशास्त्रातून बाराखडीकडे

मायक्रोसॉफ्टमधली बड्या पगाराची नोकरी सोडून जॉन वुड यांनी नेपाळातल्या शाळांना पुस्तके पोचविली, ही गोष्ट जगभर गाजली. मला आपले माधव चव्हाण अधिक जवळचे वाटतात. अमेरिकेत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन मुंबईत प्राध्यापकी करणाऱ्या या गृहस्थांनी १९९५ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्था उभी केली. आधी झोपडपट्टीतल्या बालवाड्या. २००५ पासून ‘असर’ पाहणी. तिची रीत साधी: घरी जायचे (हजेरीपटावर काय, सगळेच हुशार!) आणि मुलापुढे एक कागद धरायचा. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना ती गोष्ट वाचता आली. परभणी जिल्ह्यातही ही पाहणी होते. जिंतूर-पाथरीकडच्या मित्रांनी सुटीत आपल्या धाकट्या भावंडापुढे दुसरीचे पुस्तक एकदा उघडून पाहावे.