26 अंकांचा खंड, आत 25: जुनी जर्मन साप्ताहिकं लिलावात घेताना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की जुनी जर्मन साप्ताहिकं लिलावात घेतोस म्हणजे नेमकं काय करतोस? तर आज माझ्या एका फसलेल्या खरेदीवरूनच सांगतो.

'सिम्प्लिसिसिमुस' हे म्युनिकचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक. अल्बर्ट लांगेननं ते 1896 मध्ये काढलं. लाल बुलडॉग ही त्याची खूण. 1898 मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म पॅलेस्टाइनच्या दौऱ्यावर गेला आणि यांनी त्याची टर उडवणारा अंक काढला, तिसऱ्या वर्षाचा 31 नंबर. मुखपृष्ठ थॉमस थिओडोर हाइनेचं, आत फ्रांक वेडेकिंडची टोपणनावानं छापलेली कविता. अंक जप्त झाला. हाइने आणि वेडेकिंड दोघांना क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली, लांगेन देश सोडून पळाला. खप मात्र वाढला!

मी घेतला तो ऑक्टोबर 1898 ते मार्च 1899 चा बांधीव खंड. 27 ते 52 नंबर, म्हणजे 26 अंक. बोली 120 युरोवर थांबली आणि मी खूश. मग बिल आलं. लिलावगृहाचं 25 टक्के कमिशन (याला 'आउफगेल्ड' म्हणतात), ऑनलाइन बोलीचे 3 टक्के, वर 15 युरो टपालखर्च. झाले 168 युरो 60 सेंट. नवख्या माणसाचा खिसा इथेच कापला जातो, म्हणून मी आता मर्यादा ठरवताना उलटा हिशोब करतो.

खंड उघडला, तर 30 नंतर थेट 32.

कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं 'निश्त कोलाट्सिओनिअर्ट', म्हणजे पानं मोजून तपासलेली नाहीत. डाउनलोड पूर्ण झालं का ते न बघता फाइल विकण्यासारखं. नियतकालिकांच्या खंडांना ही ओळ खूप वेळा असते, आणि सोबत 'परत घेणार नाही' हेही. मी दोन्ही वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो, एवढंच.

आधी वाटलं, जप्तीमुळे मूळ वर्गणीदाराला अंक मिळालाच नसेल. पण दोन पानांच्या बेचक्यात बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिल्लक होती, सरळ कापलेली. म्हणजे अंक होता, नंतर कुणीतरी ब्लेडनं काढला.

आता मी बोलीआधी लिलावगृहाला मेल करतो. 'पूर्ण आहे का' असं विचारलं तर गुळमुळीत उत्तर येतं. 'नंबर 31 आहे का? फोटो पाठवा,' असं विचारलं की बहुतेक वेळा फोटो येतो. 'सिम्प्लिसिसिमुस'चे सगळे अंक इंटरनेटवर मोफत आहेत, त्यामुळे पानं ताडून बघता येतात. जाहिरातींची पानं मुद्दाम बघा. बांधणी करणारे ती सर्रास फेकून द्यायचे आणि मला तर कधीकधी चित्रांपेक्षा त्यांतच जास्त मजा येते.

एक मित्र म्हणाला, "उरलेले 25 सुटे करून विक, पैसे वसूल." हिशोब बरोबर आहे त्याचा. पण मी ते केलं नाही.

गेल्या महिन्यात एका लिलावात 31 नंबरचा सुटा अंक आला. फोटोत डावी कड ब्लेडनं कापलेली दिसत होती. दोन दिवस बोली लावू की नको करत बसलो, शेवटी लावली. माझ्या मर्यादेच्या तिप्पट भावाला गेला.