घरातली सायकल : व्यायामाचे साधन की कपडे वाळवण्याची दांडी?

पावसाळा तोंडावर आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हटकून येतो, ‘डॉक्टर, घरात व्यायामाची सायकल घ्यावी का?’ विचारणाऱ्यांत नुकताच मधुमेह निघालेले दुकानदार असतात, गुडघे धरलेल्या गृहिणी असतात, निवृत्त शिक्षकही असतात. काही हजारांचा मामला असल्याने त्यांना ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर हवे असते. पण हे उत्तर सायकलीपेक्षा ती घेणाऱ्यावर अधिक अवलंबून आहे.

जागच्या जागी पायडल मारून काय मिळते?

सायकल पुढे सरकत नाही, मग तिचा फायदा काय, अशी शंका अनेकांना येते. सायकल रस्त्यावर आहे की बैठकीच्या खोलीत, हे हृदयाला समजत नाही. मांड्यांचे मोठे स्नायू काम करू लागले की त्यांना जास्त प्राणवायू लागतो. तो पुरवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात आणि श्वास जलद होतो. व्यायाम म्हणतात तो हाच. शिवाय घरात उतार नाही की चौक नाही, त्यामुळे अर्ध्या तासात पाय पूर्ण अर्धा तास चालतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज ३० मिनिटे आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर सायकलीवर १५० मिनिटे सहज भरतात.

मधुमेहींना यात विशेष लाभ आहे. काम करणारा स्नायू रक्तातील साखर आपणहून ओढून घेतो आणि हा परिणाम व्यायामानंतरही सुमारे एक दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेहींनी व्यायामात लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. आपल्याकडे पावसाच्या झडीत आठ-आठ दिवस फिरणे बंद पडते. तेव्हा घरातली सायकल खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

गुडघ्यांचेही तसेच. चालताना शरीराचा भार गुडघ्यांवर येतो. सायकलीवर तो बराचसा बैठक घेते. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांतीपेक्षा मांडीच्या बळकट स्नायूंचा आधार अधिक उपयोगी असतो आणि ते बळ सायकलीने मिळते.

काय मिळत नाही?

हाडांना बळकटी मिळत नाही. हाड मजबूत राहण्यासाठी त्यावर भार पडावा लागतो आणि सायकलीवर तर आपण बसलेले असतो. १९७९ साली कोसळलेली स्कायलॅब अनेकांना आठवत असेल. तिच्यावर १९७३ साली अंतराळवीरांसाठी अशीच एक सायकल होती. ती चालवूनही त्यांच्या शरीरातून कॅल्शियम कमी होत राहिले. अंतराळात वजनच नसते ही गोष्ट खरी, पण नुसत्या पायडलने हाडे राखता येत नाहीत, एवढा बोध त्यातून घ्यावा. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी तर सायकलीबरोबर थोडे चालणे ठेवलेच पाहिजे.

वजन उतरवण्याबाबतही भ्रम नको. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा तास मध्यम गतीने सायकल मारतो तेव्हा साधारण २५० कॅलरी खर्च होतात. त्यावर दोन बटाटेवडे खाल्ले की हिशेब उलटलाच. सायकलीच्या पडद्यावर दिसणारा कॅलरीचा आकडाही अंदाजाचा असतो. आपले वय आणि वजन अनेक यंत्रांना ठाऊकही नसते.

कोणी घ्यावी?

घराबाहेर पडणे ज्यांना कठीण आहे, त्यांनी जरूर घ्यावी. गुडघेदुखीचे रुग्ण, तोल जाण्याची भीती असलेले वृद्ध, लहान मुलांना सोडून जाता न येणाऱ्या माता आणि पहाटेच्या अंधारात मोकाट कुत्र्यांना घाबरणारे हे सारे त्यात आले. ज्यांचे पाय धड आहेत आणि घराजवळ मैदान आहे, त्यांनी पैसे वाचवावेत. चालणे फुकट आहे.

मी सर्वांना एक परीक्षा सांगतो. खरेदीआधी महिनाभर रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास व्यायाम करावा. चालावे, जमत नसेल तर खुर्चीत बसून पाय हलवावेत आणि कॅलेंडरवर खूण करावी. वीस खुणा झाल्या तर सायकल घ्यावी. पाचच झाल्या तर सायकल आणूनही सहाव्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत पडतील. यंत्र विकत मिळते, सवय विकत मिळत नाही.

घरी असलेली सायकल स्टँडवर चढवून जागच्या जागी चालवण्याचे साधनही मिळते. मात्र कॅरिअर आणि जड स्टँड असलेली आपली नेहमीची सायकल त्यावर नीट बसेलच असे नाही. आधी बसवून पाहावे. तयार यंत्र घेतल्यास ते किती किलो वजन पेलते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापरताना

१) बैठकीची उंची : पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बैठक फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखू लागते आणि दोष व्यायामाला दिला जातो.

२) सुरुवात : पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत.

३) गती : बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागणे योग्य.

४) शेवट : एकदम उतरू नये. शेवटची पाच मिनिटे हळू पायडल मारावे. अचानक थांबल्यास रक्त पायांत साचून चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

५) जागा : घरात वारा लागत नाही म्हणून पंखा हवा. सायकल माळ्यावर किंवा पलंगामागे गेली की ती संपलीच. ती येता-जाता दिसेल अशी ठेवावी. घरात लहान मुले असतील तर साखळीत आणि चाकात बोटे जाणार नाहीत, असे झाकण असलेलीच घ्यावी.

सावधान

छातीत दुखणे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे पायाला झालेली जखम किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार यांपैकी काहीही असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायडलला पाय लावू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा आणि हाताशी साखर ठेवावी. हातपाय कापू लागले किंवा दरदरून घाम सुटला तर थांबून लगेच ती खावी. सायकल चालवताना छातीत जडपणा आला, दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे सरकले, तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

एवढे पथ्य सांभाळले तर ही सायकल चार पावसाळ्यांत आपली किंमत वसूल करते. पण त्यासाठी तिच्यावर आधी कपडे नव्हे, माणूस बसला पाहिजे.